चाचांची कानस

पेटीला उजवा कान लावायचा, डोळे मिटायचे आणि एक बोट वर करून म्हणायचं, "अजून निवली न्हाय." भूमच्या बाजारात बाजाची पेटी दुरुस्तीला नेलेल्या प्रत्येकानं चाचांचं ते बोट पाहिलं असेल. ते खाली येईपर्यंत पेटी घरी नेता येत नसे, मग तुम्ही पाटील असा नाहीतर फौजदार.

पेटीत प्रत्येक सुराला पितळेची एक जीभ असते. ती कानशीनं घासून सूर लावतात. पण घासलेलं पितळ नंतर थोडं सरकतं. म्हणून पेटी आठ दिवस ठेवायची आणि पुन्हा लावूनच द्यायची, हा आमच्या पेटीवाल्यांच्या मंडळीचा कायदा. भूम, वाशी, ईट या गावांचे मिळून आम्ही सात जण होतो. बाजारच्या दिवशी चिंचेखाली बसायचो. चाचा ईटहून येत. मुख्य पंच तेच. काम झालं की आतल्या फळीवर आपली खूण कोरायची. शेवटची खूण ज्याची, दोष त्याचा. दोषी ठरला त्यानं आपली कानस पंचांपुढं ठेवायची आणि वर्षभर पितळाला हात लावायचा नाही.

मला हे काम कुणी शिकवलं नाही. मोडक्या पेट्या उघडून मीच शिकलो, आणि गिऱ्हाइकाशी घासाघीस करण्यात मला जोड नव्हती. तरी मला पंच करायचं निघालं की चाचा म्हणत, "हात लई झकास हाय सावकाराचा. कान व्हायचाय अजून." सगळे हसत, मी तडकून उठून जाई. 'सावकार' हे नावही त्यांनीच पाडलेलं. ती सल मी नीट जपली.

एका शिवरात्रीच्या आधी चाचा तापानं पडले. देवळातली भजनाची पेटी त्यांच्याकडं आली होती. मला बोलावून त्यांनी ती माझ्या हाती दिली.

"चार दिवसांत करतो, चाचा."

"पितळ सौदा करत न्हाय, सावकार. आठ दिस."

मी दुसऱ्याच दिवशी पेटी देवळात पोचवली. गुरवाला सांगितलं, चाचांनी पाठवलीय. फळीवर माझी खूण कोरली नाही. चाचांची गेल्या वर्षीची होती, तेवढीच राहू दिली. पेटी टिकली तर मंडळीत सांगणार होतो, ही मी एका दिवसात लावली, तुमचा कायदा खोटा. बिघडली तर गप्प बसायचं. दोन्हीकडून माझाच फायदा.

ऐन भजनात दोन सूर सरकले. पुढच्या बाजारी गुरवानं पेटी चिंचेखाली आणून ठेवली. "चाचा, तुमच्या हातची पेटी, आन् देवापुढं ही गत?"

चाचांनी पेटी उघडली. फळीवरून बोट फिरवलं, एकदा, पुन्हा एकदा. मग माझ्याकडं पाहिलं. मी वर चिंचा बघत होतो.

"खूण माझी हाय," ते म्हणाले. "चूक बी माझी."

"तुमी तर तापात व्हता की," वाशीवाला म्हणाला.

"ताप फळीवर कोरलेला न्हाय."

त्यांनी दोन्ही हातांनी कानस खाली ठेवली.

त्यांनी मला शिवी दिली असती तर मी भांडलो असतो. भांडणात मी हरत नाही. ईटच्या वाटेवर मी त्यांना गाठलं. "चाचा, तुम्ही सांगितलं का नाही?"

"सांगायचं तुझ्याकडं व्हतं, बेटा." त्या दिवशी ते मला सावकार म्हणाले नाहीत.

वर्ष भरायच्या आतच निजामाचं राज्य गेलं. त्या धामधुमीत चाचा हैदराबादला लेकीकडं निघून गेले, ते परतले नाहीत. पंचाची एक जागा रिकामी झाली आणि मंडळीनं ती मला दिली. तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. वर्ष भरलं की परत द्यायची म्हणून चाचांची कानसही माझ्याच हवाली झाली.

ती अजून माझ्याकडं आहे. गंज चढू नये म्हणून तेल लावतो. आठ दिवस ठेवतो, आणि पुन्हा लावतो.