हाल्वेग उलटी आली

हाल्वेग बस चालवायची. बेटाला वळसा घालून जाणारा एकच मोठा रस्ता आहे, त्यावर मे ते सप्टेंबर दर सोमवारी सकाळी आठला रेक्याविकहून निघायचं आणि शुक्रवारी संध्याकाळी परत यायचं, असं सत्तावीस वर्षं चालू होतं. एवढ्या वर्षांत तिच्या साडेपाचशेच्या आसपास फेऱ्या झाल्या असतील. त्यातली एकही उलटी नव्हती. आधी उत्तर, मग पूर्व, मग दक्षिण, आणि घर. सूर्य जसा जातो तसं. डोंगर आणि हिमनद्या कायम उजव्या हाताला, समुद्र डाव्या हाताला. इतर कंपन्यांच्या बसेस दोन्हीकडून जायच्या, आणि समोरून येणाऱ्या ड्रायव्हरांना हाल्वेग हात करायची. पण मनातून तिला त्यांची थोडी काळजीच वाटायची.

हे वडिलांकडून आलेलं. तिचे वडील पूर्वेकडच्या क्रुमाफ्योर्डमध्ये थोडी मेंढरं पाळायचे आणि थोडे मासे धरायचे. बंदरातून होडी काढताना ते आधी ती सूर्याच्या बाजूने वळवायचे, मग बाहेर पडायचे. फक्त एकदा, समोरून मोठं जहाज आत येत होतं म्हणून, ते उलटे वळले. त्या दिवशी त्यांच्या हाताचा अंगठा मोडला आणि जाळ्यात एक बूट आला. बूट डाव्या पायाचा होता, हे ते आवर्जून सांगायचे.

ते गेले तेव्हा मृत्युपत्रात दोनच ओळी निघाल्या. शेत आणि मेंढरं मुलाला, म्हणजे तोर्फीला. खूण हाल्वेगला.

खूण म्हणजे कानावरची. उन्हाळाभर सगळ्या खोऱ्याची मेंढरं डोंगरावर एकत्र चरतात आणि सप्टेंबरात खाली आणून वेगळी केली जातात, ती कान बघून. मेंढीचा कान हाच तिचा सातबारा. वडिलांची खूण होती ती उजव्या कानाचं टोक चिरलेलं आणि डाव्या कानाला मागून एक घास घेतल्यासारखी खाच. ती त्यांच्या आजोबांपासून चालत आलेली. ज्याची खूण, त्याची मेंढी. त्यात दुसरा पुरावा कोणी मागत नाही.

मृत्युपत्र वाचून झाल्यावर तोर्फी म्हणाला की मेंढीशिवाय खूण म्हणजे नुसता विनोद. हाल्वेग म्हणाली की खुणेशिवाय शेत म्हणजे नुसता उतार. मग दोघांनी कॉफी संपवली. त्यानंतर एकोणीस वर्षं ती एकमेकांशी बोलली नाहीत. भांडण असं झालं नव्हतं. पुढचं वाक्य कोणी म्हणायचं, एवढाच प्रश्न होता.

तोर्फीनं स्वतःसाठी दुसरी खूण घेतली. उरलेल्यांतून जी मिळाली ती; उंदरानं कुरतडल्यासारखी दिसायची. हाल्वेगची बस दर बुधवारी दुपारी पावणेचारला त्याच्या शेताखालून जायची, आणि बुधवारी दुपारी पावणेचारला तोर्फीला कायम टपालपेटीपाशी काहीतरी काम निघायचं. तो पेटी उघडायचा, रिकामी बघायचा, बंद करायचा. बसकडे बघायचा नाही. हाल्वेग तिथं गिअर बदलायची. तिथं चढ नाही.

खुणांची वही दर आठ वर्षांनी नव्यानं छापतात. ज्यानं पुन्हा नोंद केली नाही त्याची खूण मोकळी होते आणि मागेल त्याला मिळते. क्रुमाफ्योर्डची वही ग्रोआकडे असायची. ग्रोआ अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती आणि सही स्वतःच्या डोळ्यांसमोर झाल्याशिवाय अर्ज घेत नव्हती. पूर्वी तिनं टपालानं घेतले होते. तेव्हा एका माणसानं मेल्यावर बारा वर्षं खूण सांभाळली होती.

या वर्षी वही बंद व्हायची होती मेंढरं निवडण्याच्या दिवशी, दुपारी बारा वाजता, मेंढरं निवडायच्या गोल वाड्यापाशी. तो दिवस नेहमी सप्टेंबरातला दुसरा शनिवार. हाल्वेगनं त्यासाठी रजा काढून ठेवली होती. अर्ज भरून बसच्या कप्प्यात ठेवला होता. अर्जात या खेपेला एक नवा रकाना होता, ‘या खुणेची किती मेंढरं’. तो तिनं रिकामा सोडला.

आदल्याच आठवड्यातल्या बुधवारी बस घेऊन जाताना ती सहज ग्रोआच्या दारात थांबली, तर दाराला चिठ्ठी. डोंगरावर बर्फाचा अंदाज असल्यामुळे निवड आठवडाभर आधी, येत्या शुक्रवारी. मी माणसांसोबत वर गेले आहे. मांजरीला खायला घातलेलं आहे, ती नाही म्हणेल.

हाल्वेगनं चिठ्ठी दोनदा वाचली. मांजर नाही म्हणाली. बसमध्ये सतरा प्रवासी होते आणि शुक्रवारी दुपारी बारा वाजता ती बेटाच्या दुसऱ्या टोकाला असणार होती. तिनं बस सुरू केली. पावणेचारला तोर्फी टपालपेटीपाशी होता. ती तिथून गेली आणि खूण गेली, असं तिनं धरून टाकलं. पुढच्या तीन फ्योर्डांमध्ये, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या तीन खाड्या ओलांडेपर्यंत, तिनं माईकवर काहीच सांगितलं नाही. प्रवाशांना वाटलं, शांतता हा कार्यक्रमाचाच भाग आहे.

गुरुवारी सकाळी दक्षिणेत, वात्नायोकुल या मोठ्या हिमनदीच्या पायथ्याशी, बर्फाखालून पाण्याचा लोंढा आला आणि पुढच्या नदीवरचा पूल घेऊन गेला. त्यात कोणाला काही झालं नाही. रस्तेवाल्यांनी सांगितलं की शनिवारी सकाळी उंच चाकांचे ट्रक येतील, ते माणसांना नदीपार नेतील आणि तिकडे दुसरी बस उभी असेल. हाल्वेगनं ऑफिसला फोन लावला. ऑफिसातला माणूस म्हणाला, प्रवाशांचं विमान रविवारचं आहे, तेव्हा दोन्ही रस्ते मोकळे आहेत. शनिवारपर्यंत तिथंच थांब, नाहीतर उद्या सकाळी निघून आल्या वाटेनं परत ये. तुझं तू बघ.

आल्या वाटेनं म्हणजे सूर्याच्या विरुद्ध. आणि आल्या वाटेनं म्हणजे शुक्रवारी बाराच्या आत क्रुमाफ्योर्ड.

संध्याकाळी ती मुक्कामाच्या गावातल्या गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बसली आणि विचार करत राहिली. एका हाताला वडिलांची खूण आणि दुसऱ्या हाताला वडिलांचाच नियम. वडिलांना विचारता आलं असतं तर त्यांनी बुटाची गोष्ट सांगितली असती. समोर लिंडनरबाई बसल्या होत्या. त्या जर्मनीतल्या निवृत्त दंतवैद्य. संपूर्ण प्रवासात त्यांनी प्रश्न फार विचारले होते आणि उत्तरं वहीत उतरवून घेतली होती. हाल्वेगनं त्यांना दोन्ही पर्याय सांगितले. कारणं सांगितली नाहीत.

“परत गेलो तर नवीन काय दिसेल?” लिंडनरबाईंनी विचारलं.

“काही नाही. तेच डोंगर, मागून.”

“कोणाचाही दात मागून बघितल्याशिवाय मी कधी मत दिलं नाही,” त्या म्हणाल्या.

प्रवाशांचं ठरलं. हाल्वेगचं ठरायला सकाळ लागली.

सात वाजता सगळे बसमध्ये बसले. हाल्वेगनं गाडी सुरू केली आणि पेट्रोल पंपाभोवती सूर्याच्या बाजूने एक चक्कर घातली. मग दुसरी. मग तिसरी. पंपावरचा माणूस सॉसेज खात होता. तो खाता खाता बसबरोबर मान फिरवत राहिला. लिंडनरबाईंनी पंपाचे तीन फोटो काढले. तिसऱ्या चकरेनंतर हाल्वेगनं आरसा बघितला, दिवा दाखवला आणि बस पूर्वेकडे, चुकीच्या बाजूने, रस्त्यावर घातली. काही झालं नाही. तिनं स्टिअरिंगवरचे दोन्ही अंगठे आत घेतले, एवढंच.

सत्तावीस वर्षं पाठ असलेला रस्ता तिला येईना. वळणं अगोदर यायची किंवा यायचीच नाहीत. जो सुळका समोरून चर्चसारखा दिसायचा तो या बाजूने बसलेल्या कोंबडीसारखा होता. स्वतःच्याच घरात कोणीतरी सामान हलवून ठेवावं तसं झालं. सवयीनं ती माईकवर म्हणाली, “आता उजवीकडे धबधबा.” उजवीकडे समुद्र होता. सतरा जणांनी समुद्राचे फोटो काढले. नंतर तिनं डावं-उजवं सांगायचं सोडून दिलं आणि ‘एका बाजूला’ असं म्हणायला लागली.

एका ठिकाणी ती बोगद्याचं वळण चुकली आणि एका शेतकऱ्याच्या अंगणात जाऊन पोचली. शेतकरी बाहेर आला, बसकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं.

“हाल्वेग ना? तू इकडून कशी?”

पूल गेलाय, असं ती म्हणाली. त्यानं मान हलवली, बस वळवायला जागा करून दिली आणि घरात जाऊन बायकोला सांगितलं की हाल्वेग उलटी आली. बायको फोनकडे गेली. त्यामुळे क्रुमाफ्योर्डला बस पोचायच्या आधी बातमी पोचली.

साडेअकराला रस्ता मेंढरांनी भरला. डोंगरावरून आलेला शेवटचा कळप होता. शे-दीडशे मेंढरं बसच्या दोन्ही बाजूंनी वाहत पुढे चालली होती. हॉर्न वाजवून उपयोग नव्हता. हाल्वेगनं बस तिथंच बंद केली, कप्प्यातला अर्ज घेतला, प्रवाशांना सांगितलं की खाली तंबूत मटणाचं सूप मिळतं, आणि मेंढरांमधून चालायला लागली.

गोल वाड्याच्या मधोमध रिकामी जागा आणि भोवती केकच्या फोडींसारखे खण, प्रत्येक शेताचा एक. माणसं मेंढरांना शिंगाला धरून, दोन पायांत पकडून, कान बघत होती आणि आपापल्या खणात ढकलत होती. ग्रोआ एका उपड्या टबवर बसली होती. मांडीवर वही, शेजारी थर्मास. हाल्वेगनं अर्ज पुढे केला आणि तिच्यासमोर सही केली. बाराला वीस कमी होते.

ग्रोआनं अर्ज डोळ्यांजवळ नेला. “हा रकाना रिकामा आहे.”

“माहीत आहे.”

“या वेळेपासून ज्या खुणेची एकही मेंढी नाही ती वहीतून जाणार. पंचायतीनं ठरवलंय. नुसत्या खुणांनी चाळीस पानं भरलीत माझी. किती मेंढरं तुझी?”

हाल्वेगनं शून्य असं सांगितलं. एकोणीस वर्षांत एकही नाही. ती रेक्याविकमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहते. ग्रोआनं पेनाला टोपण लावलं. तिचा नाइलाज दिसत होता, पण टोपण तिनं नीट लावलं.

तोर्फी दहा हातांवर होता. एक मेंढी त्याच्या गुडघ्यांमध्ये होती. तो बराच म्हातारा झाला होता. बसमधून हे कधी दिसलं नव्हतं. त्यानं मेंढी सोडून दिली, आपल्या खणापाशी गेला, आणि त्याच्या मागच्या कोपऱ्यात फळी घालून वेगळा केलेला एक लहान भाग होता, त्याची फळी काढली. आत सात मेंढ्या होत्या. त्यानं पहिलीला शिंगाला धरून ग्रोआच्या टबापर्यंत आणलं आणि तिची मान हाल्वेगच्या दिशेनं वळवली.

उजव्या कानाचं टोक चिरलेलं. डाव्या कानाला मागून एक घास.

“तू उलटी आलीस,” तोर्फी म्हणाला.

“पूल गेला.”

“कळलं.”

एकोणीस वर्षांनी झालेलं हे पहिलं बोलणं. त्यानंतर दोघंही थोडा वेळ मेंढीकडे बघत राहिली. मेंढी बसकडे बघत होती.

“या कोणाच्या?” हाल्वेगनं शेवटी विचारलं.

“तुझ्या. खूण कोणाची आहे?”

त्यानं तुटक तुटक सांगितलं ते असं की तो दर वसंतात एका कोकराला जुनी खूण करत आला होता. एकूण एकोणीस केली. काही म्हातारी होऊन मेली, दोन कड्यावरून पडली, एक कुठं गेली ते कळलं नाही. सात उरली. उन्हाळाभर ती डोंगरावर असायची, म्हणून बसमधून कधी दिसली नाहीत.

“पण का केलंस?”

तोर्फीनं कानाला खूण करायच्या सुरीचं पातं पँटला पुसलं. “नाहीतर हाताची सवय जाते,” तो म्हणाला.

हाल्वेग ग्रोआकडे वळली. तुला हे माहीत होतं का, असं तिनं विचारलं. ग्रोआ म्हणाली, माहीत असायला काय झालं, सगळ्या खोऱ्याला माहीत आहे. मला कोणी विचारलं नाही. मग तिनं पेनाचं टोपण काढलं, रकान्यात सात लिहिलं, घड्याळ बघून वेळ लिहिली आणि पुढच्या माणसाला हात केला.

तोर्फी मेंढी घेऊन परत निघाला. अर्ध्या वाटेत थांबला.

“गुडघा गेलाय माझा,” तो मागे न बघता म्हणाला. “या हिवाळ्यात मी माझ्या बघेन. तुझ्या तू बघ.”

“ऑक्टोबरपर्यंत गाडीवर आहे मी.”

“ऑक्टोबरपर्यंत गवत आहे.”

प्रवाशांचं सूप पिऊन झालं होतं. लिंडनरबाईंनी एका मेंढीचा जबडा उघडून बघितला होता आणि दात उत्तम असल्याचं मालकाला सांगितलं होतं. एक वाजता बस निघाली. शेताखाली टपालपेटीपाशी कोणी नव्हतं, कारण टपालपेटीवाला वाड्यात होता. हाल्वेगनं तिथं गिअर तरीही बदलला. शनिवारी संध्याकाळी सगळे रेक्याविकला सुखरूप पोचले. अंगठे दोन्ही शाबूत होते. तिनं घरी गेल्यावर पायातले बूटही मोजले.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात हाल्वेगनं आपल्या लहान गाडीत दोन पेट्या, एक उशी आणि कॉफीचं भांडं भरलं. दक्षिणेचा पूल तोवर दुरुस्त झाला होता आणि त्या वाटेनं क्रुमाफ्योर्ड जवळ पडलं असतं. ती उत्तरेकडून निघाली. खिंडीत बर्फ होता, उत्तरेतल्या अकुरेरी गावाच्या पुढे तिला एक रात्र अडकून पडावं लागलं, आणि जिथे एका दिवसात पोचायचं तिथे अडीच दिवस लागले. सप्टेंबरात उलटा पडलेला तो सगळा रस्ता मात्र पुन्हा सुलटा झाला.

तोर्फी गोठ्याच्या दारात उभा होता. काठी घेऊन.

“मंगळवारी येणार होतीस,” तो म्हणाला.

“उत्तरेकडून आले.”

त्यानं गाडीकडे बघितलं, चाकांना चिकटलेल्या बर्फाकडे बघितलं, मग डोंगराकडे. “हां,” तो म्हणाला, “मग बरोबर,” आणि मेंढ्यांना गवत टाकायचा काटा तिच्या हातात दिला.