खरा आणि पहिला शोधक

त्या दिवशी मी ठाण्याला गेलोच नव्हतो. ही गोष्ट आजवर मी कुणालाही सांगितलेली नाही. घरी नाही, ऑफिसात नाही. आता पन्नाशी उलटली, सांगून टाकतो.

माझ्या पिशवीत पेटंटचा फॉर्म होता. त्यावर गणपत जाधवची सही हवी होती, आणि गणपत ठाण्याच्या तुरुंगात होता. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात पकडला गेलेला. आमचे मालक गुप्तेसाहेब यांनी सकाळीच मला केबिनमध्ये बोलावून फॉर्म हातात दिला.

"वैद्य, जेलरच्या नावाने चिठ्ठी दिलीय. सही घे आणि चारच्या आत परत ये. एजंट आज फोर्टात पाचपर्यंतच बसणार आहे."

मी दादरला गाडी पकडली आणि शीवला उतरलो.

का उतरलो ते सांगण्याआधी फॉर्म कशाचा होता ते सांगायला हवं.

आमचा कारखाना परळला. कागदाच्या गिरण्यांची मशिनं दुरुस्त करायची, त्यांचे सुटे भाग बनवायचे. मी ड्राफ्ट्समन, गिरगावातून यायचो. दुसऱ्याने सांगितलेली वस्तू मापात, शाईने, ट्रेसिंगवर उतरवायची, हे माझं काम. गणपत फिटर. काळाचौकीच्या चाळीत राहायचा. नुकतीच धम्मदीक्षा घेतली होती. शाळा सातवीत सुटलेली, पण मशीन नुसतं कानाने ऐकून बेअरिंग कुठलं गेलंय ते सांगायचा. दुपारचा चहा आम्ही रोज बरोबर घ्यायचो. मी कपात, तो बशीत.

कागद तयार होताना शेवटी दोन जड लोखंडी रोलांमधून जातो, म्हणजे गुळगुळीत होतो. याला कॅलेंडर म्हणतात. भिंतीवरच्या कॅलेंडरशी त्याचा संबंध नाही. उसाच्या रसाचा चरक डोळ्यांपुढे आणा आणि त्याचे रोल माणसाच्या कमरेएवढे जाड करा. कागद तुटला की त्याचं टोक हाताने पुन्हा रोलांत द्यावं लागे. टोक आत जाई. कधी बोटंही जात.

एका गिऱ्हाइकाच्या गिरणीत सहा महिन्यांत दोघांचे हात गेले, तेव्हा त्यांनी मशीन आमच्याकडे पाठवलं. काहीतरी करा म्हणाले. मी एक दांडी काढली. रोलांच्या तोंडाशी आडवी. मनगटाचा धक्का लागला की दांडी मागे जाणार, पट्टा मोकळ्या चाकावर सरकणार, मशीन बंद. ड्रॉइंग झकास झालं होतं. गणपतने बोर्डाशी येऊन बराच वेळ पाहिलं.

"थांबायला किती वेळ घेईल?"

"पट्टा सुटला की थांबलंच."

"वैद्या, एवढं धूड. पट्टा सुटला तरी दोन फेरे मारणार. तोवर हात कोपरापर्यंत आत. तुझी पेन्सिल थांबते तसं मशीन थांबत नाय रे."

मला राग आला. कारण तो बरोबर होता.

पुढच्या आठवड्यात लालबागला रस प्यायला गेलो. चरकात जाडजूड कांडं अडकलं. रसवाल्याने वरचा स्क्रू दोन आटे ढिला केला, वरचा रोल उचलला गेला, आणि कांडं अलगद मागे आलं. गणपतने ग्लास खाली ठेवला.

"थांबवायचं कशाला? उचलायचं."

"काय उचलायचं?"

"वरचा रोल रे! फिरू दे ना फिरतोय तर. हाताला जागा झाल्याशी मतलब."

तिथेच टेबलावर ओल्या बोटाने त्याने आकृती काढली. दांडीला धक्का लागला की एक खिटी सुटणार. खिटी सुटली की तरफेला टांगलेलं वजन खाली पडणार. त्या वजनाच्या जोराने वरचा रोल दोन इंच वर जाणार. वीज नको, मोटर नको. वजन पडायला वेळ लागत नाही. मी खिशातल्या डायरीत ते उतरवून घेतलं, आणि माझ्याच नकळत खाली माझी सही केली. ड्राफ्ट्समनची सवय.

महिन्याभरात आम्ही ते मशीनवर बसवलं. पोलादाचे तुकडे त्याने घासले, मापं मी काढली. हातमोज्यात चिंध्या भरून तीनदा चाचणी घेतली. चौथ्या वेळी मी काही बोलायच्या आत त्याने स्वतःचा हात घातला. धाडकन वजन पडलं. त्याने हात काढून माझ्या नाकासमोर धरला.

"मोज. पाच हायत ना?"

मी खरंच मोजली. तो हसत होता.

गुप्तेसाहेब म्हणाले, याचं पेटंट घेऊ. पेटंट म्हणजे शोध कुणाचा याची सरकारी नोंद, आणि काही वर्षं तो दुसऱ्या कुणी परवानगीशिवाय बनवायचा नाही असा हक्क. अट अशी, की अर्ज आधी गेला पाहिजे. वस्तू चारचौघांत वापरात आली की ती नवी राहत नाही. मशीन सोमवारी गिऱ्हाइकाकडे सुरू होणार होतं. अर्जात एक ओळ असते: मी या वस्तूचा खरा आणि पहिला शोधक आहे. खाली सही.

"डोकं कुणाचं?" साहेबांनी विचारलं.

"गणपतचं," मी म्हणालो. तेव्हा म्हणालो होतो.

"मग सही त्याचीच."

त्याच संध्याकाळी गणपत सत्याग्रहात गेला आणि पकडला गेला.

तर मी शीवला उतरलो. स्टेशनजवळच्या जुन्या किल्ल्यावर चढून एका तुटक्या भिंतीवर बसलो. समोर खाडी. ठाणं त्याच दिशेला. स्वतःला सांगितलं, तुरुंगात भेटायला येणाऱ्यांची नावं पोलीस लिहून घेतात, आपला भाऊ सरकारी नोकरीत आहे. ते कारण खोटं नव्हतं, पण खरं कारण ते नव्हतं. मी फॉर्म उघडला. सोबत माझं ड्रॉइंग जोडलेलं. इतकं चांगलं ड्रॉइंग मी पुन्हा कधी काढलं नाही. आठ वर्षं मी दुसऱ्यांच्या वस्तू काढत होतो. खालची जागा कोरी होती. त्या जागेवर मला माझं नाव बघायचं होतं. एवढंच.

दीड तास बसलो आणि परत आलो.

"भेट नाकारली, साहेब."

साहेबांनी सरकारला दोन शिव्या दिल्या. मग मला घेऊन फोर्टात एजंटकडे गेले. पेटंटचे अर्ज लिहून कलकत्त्याच्या ऑफिसला पाठवणारे म्हातारे गृहस्थ. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"ड्रॉइंग कुणाचं?"

"माझं."

"आणि कल्पना?"

"आम्ही दोघं... बोलता बोलताच निघाली."

"दोघांची म्हणाल तर दोघांच्या सह्या लागतील. एकट्याची म्हणाल तर तुम्ही खरेपणाने लिहून देताय, हे ध्यानात आहे ना?"

साहेब घाईत होते. "आज याच्या नावावर जाऊ द्या हो. तो सुटला की दुरुस्ती करू."

"मंजुरीच्या आधी कळवा म्हणजे झालं," एजंट म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले.

मी सही केली. ड्रॉइंगखाली करतो तशीच, झोकात.

गणपत सुटला तेव्हा चाळीने त्याला हार घातले. दुसऱ्या दिवशी तो बोर्डाशी हजर. वजन उतरलं होतं, आवाज तोच.

"काय रे, आतलं जेवण तुझ्या खानावळीपेक्षा बरं होतं. आणि आपला कागद? गेला काय कलकत्त्याला?"

"गेला."

"माझ्या सहीबिगर?"

"साहेबांनी केलं काहीतरी."

"बरं झालं." आणि तो कामाला लागला.

मंजुरीला बरेच महिने लागले. त्यातल्या कुठल्याही दिवशी मी फोर्टात जाऊन एक वाक्य बोलू शकलो असतो. गुप्तेसाहेब कामात विसरले. मी विसरलो नव्हतो. सर्टिफिकेट आलं, मी हेड ड्राफ्ट्समन झालो. गिरगावात आमच्या चाळीने सत्यनारायणाला माझा सत्कार केला. कुणालाही ते खोटं वाटलं नाही. गिरगावातला वैद्य शोध लावू शकतो, काळाचौकीतल्या जाधवचा प्रश्नच येत नाही, हे सगळ्यांना न सांगता पटत होतं. मला स्वतःलाही ते पटवून घेता आलं. माझ्या सहीपेक्षा मला आज याची जास्त लाज वाटते.

साहेबांनी सर्टिफिकेट फ्रेम करून ऑफिसात लावलं. गणपत एकदा ड्रॉइंग न्यायला आला आणि त्यासमोर थांबला. इंग्रजी अक्षरं तो लावून लावून वाचायचा. काचेवर बोट ठेवून एकेक अक्षर वाचत गेला. माझ्या नावाशी पोचला. बोट तिथेच राहिलं. मग त्याने खिशातला कॉटन वेस्टचा गोळा काढून काचेवरचा ऑइलचा डाग पुसला.

"तिकडं रोल नीट उचलतोय ना?"

"हो. एकाचा हात वाचला परवा. पत्र आलंय."

"कुणाच्या नावावर?"

मी ड्रॉइंग गुंडाळून पुढे केलं. त्याने ड्रॉइंगची गुंडाळी काखेत मारली.

"येतो, वैद्यसाहेब. मापं समजली नाहीत तर विचारीन तुम्हाला."

साहेब. तुम्हाला. त्यानंतर तो माझ्याशी असाच बोलला. चहाला फिटरांबरोबर बसू लागला. वर्षभरात बाहेरगावच्या एका कागद गिरणीत नोकरी धरून गेला. महाराष्ट्र झाला त्या रात्री सगळं परळ रस्त्यावर होतं, गुलालाने लाल. मी पहाटेपर्यंत चेहरे बघत फिरलो. त्याचा दिसला नाही.

आजही नवं ड्रॉइंग पुरं झालं की मी क्षणभर तसाच उभा राहतो. पाठीमागून कुणीतरी म्हणावं, वैद्या, हे चालायचं नाय रे. हाताखालची मुलं म्हणतात, फारच सुंदर, सर.

त्यांना मी एक नियम घालून दिलाय. स्केच हातात आलं की आधी त्यावर ज्याचं त्याचं नाव आणि तारीख लिहायची, मगच पट्टी ठेवायची. त्यांना वाटतं, मी शिस्तीचा माणूस आहे.

पेटंटची मुदत केव्हाच संपली. आता ती वस्तू कुणीही बनवावी. नाव दुरुस्त करायला कुठलं ऑफिस उरलेलं नाही. गणपत मात्र आहे. काळाचौकीच्या त्याच चाळीत परतलाय, असं ऐकतो. गणपतीत दोनदा त्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो, आणि मंडपातली गर्दी बघून परत फिरलो. गर्दी काही फार नव्हती.

त्याला वाटत असेल, कंपनीने त्याचं नाव खाल्लं आणि मी नुसता गप्प राहिलो. तसं नाही, हे त्याला माहीत नाही. हे छापून आलं म्हणजे माझं देणं फिटलं, असंही नाही. त्याच्यासमोर उभं राहून, त्याच्या तोंडाकडे बघत मला सांगायचं आहे, की गणपत, तुझी सही आणायला मला पाठवलं होतं आणि मी आलो नाही. एवढं मी त्याचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.