पिशवी नव्हे, अस्तर

गुलमंडीतल्या कापडाच्या दुकानात माझं आयुष्य गेलं. आता दुकान मुलगा बघतो. तरी डोळे मिटले की ठाण उलगडत जातं, टोक येतच नाही. त्या दुपारीही छावणीतल्या दवाखान्याच्या बाकावर तसंच झालं. कडुनिंबाची सावली फरशीवर हलत होती आणि आत डॉक्टरीणबाई बारीक दुर्बिणीतून माझ्या सुनेचं गर्भाशय तपासत होत्या.

दोनदा तिला दिवस गेले आणि दोन्ही वेळा गर्भ टिकला नाही. सोनोग्राफी मात्र स्वच्छ यायची. मशीनला काही दिसत नाही म्हणजे दोष तिच्यातच, असं मी धरून चाललो. एका साखरपुड्यात भर पंगतीत बोलून गेलो, "आमच्या सुनेची पिशवीच कच्ची आहे." ते वाक्य माझ्याआधी घरी पोचलं. पुढं माझी थोरली बहीण मुलासाठी दुसरी मुलगी सुचवून गेली. मी नाही म्हणालो नाही. स्वयंपाकघरात भांडी वाजत होती, ती थांबली.

रात्री सून एवढंच म्हणाली, "मामा, अजून एकदा नीट तपासू द्या. मग काय बोलायचं ते बोला."

दुर्बिणीत आतला भाग लालसर दिसला. बाईंनी तिथला बारीक तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट आला तेव्हा मुलगा, सून आणि मी त्यांच्यासमोर बसलो.

"पिशवी चांगली आहे," त्या म्हणाल्या. "अस्तराला सूज आहे. जुनी."

"अस्तराला?"

"आतल्या आवरणाला. सोनोग्राफीत ही सूज सहसा दिसत नाही. तुकड्याला खास रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तेव्हा सुजेच्या पेशी सापडल्या. बहुतेकदा गोळ्यांनी बरी होते. मग पुन्हा तुकडा तपासू."

अस्तर मी जन्मभर विकलं. पहिल्या धुण्यात ते आटतं, वरच्या कापडाला चुण्या पडतात आणि बाई ब्लाउज आपटत विचारते, "असलं कसलं कापड दिलं?" मी हसून म्हणायचो, "कापड चांगलंय ताई, आतून बघा." पंखा संथ फिरत होता. सगळी खोली पातळ मलमलीत गुंडाळल्यासारखी वाटली, आणि सून त्या मलमलीपलीकडं, जवळ असून लांब.

गोळ्या झाल्या. दुसऱ्या तुकड्यात सूज नव्हती. त्याच आठवड्यात मी बहिणीकडं गेलो.

"अक्का, पोरीची पिशवी चांगली आहे. मी चुकीचं बोललो. अस्तर सुजलं होतं, आता बरं झालं."

"लई शिकलास की रे! आता कापडासंगं रोगबी विकतो व्हय?"

"हस तू. पण ती दुसऱ्या मुलीची गोष्ट पुन्हा काढायची नाय. अन् ज्यांना ज्यांना सांगितलंस, त्यांना हेही सांग."

अक्काचं हसू गेलं. "पंगतीत तू बोललास. मी कुणाकुणाच्या दारी जाऊ?"

तिचं बरोबर होतं. म्हणून पंगतीतल्या सगळ्यांनी वाचावं असं हे लिहिलं, आणि कुणाला देण्याआधी सुनेला विचारलं. तिनं खिडकीशी उभं राहून सावकाश वाचलं. शेवटी मी लिहिलं होतं की आता लवकरच घरात पाळणा हलेल.

"एवढं खोडा मामा," ती म्हणाली. "ते आमचं आम्ही बघू."

मी खोडलं.