वाटाणे नसलेलं ताट

जपानमधल्या हिमेजी शहरात एका बड्या दुकानाच्या सहाव्या मजल्यावर भोजनगृह होतं. तिथे तोकिए मुलांची ताटं लावी. केचपचा लालसर, वाटाणे घातलेला भात वाटीत दाबून डोंगरासारखा उपडा करायचा, शेजारी तळलेली कोळंबी, पुडिंग, आणि भाताच्या शिखरावर कागदी झेंडा. झेंडा कलला की मुलं हिरमुसतात. तोकिएचा कधी कलला नाही.

तोकिएच्या घटस्फोटाच्या कागदावर शिक्का उठला, त्या दिवशी तिची चार वर्षांची लेक सानाए सासरीच राहिली. लेकरू एका घरचं झालं की दुसऱ्या घराने तोंड दाखवायचं नाही, अशी तिथली रीत. वर्षभरात तिथे नवी आई आली. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी आजी नातीला इथेच जेवायला आणी. आत वाफेत कोण उभं आहे, हे म्हातारीला ठाऊक नव्हतं.

सानाएला वाटाण्यांचा भारी तिटकारा. घरी तोकिएच ते वेचून देई. म्हणून ताटं द्यायच्या खिडकीतून पोर दिसली की ती तिच्या भातातला एकेक वाटाणा जेवायच्या काड्यांनी काढून टाकी. कधीतरी पोरीच्या मनात येईल, माझ्याच ताटात वाटाणे कसे नाहीत? आणि तिला आई आठवेल. एवढ्या आशेवर तीन वर्षं गेली.

जूनच्या पहिल्या रविवारी वाढपीण फुमीए ताट घेऊन परत आली.

"तोकिएताई, झोपेत होता का हो? वाटाणेच नाहीत यात! पोरगी रडकुंडीला आलीय. म्हणते, सगळ्यांना असतात, दर वेळी मलाच का नाहीत?"

तोकिएने विचारलं, "आणखी काय म्हणाली?"

"म्हणे, मला आवडतात, आईने खायला शिकवलंय. आणि म्हातारीचा काय फणकारा! लेकरांच्या घासात कसली काटकसर करता, म्हणाली."

कुठल्या आईने, हे विचारायची गरज नव्हती.

मुख्य आचारी कुसाका मागून ओरडला, "घाला की बाई! वाटाणे काय तुमच्या माहेरून आणायचेत?"

"चुकलं माझं," तोकिए म्हणाली. तिने झेंडा उपसला, डावभर वाटाणे भातात कालवले, डोंगर पुन्हा उपडा केला. खिडकीतून तिने पाहिलं. सानाए आधी वाटाणेच वेचून खात होती, आणि दर वाटाण्याला आजीकडे बघून हसत होती.

जुलैच्या पहिल्या रविवारी तोकिएने सगळ्या ताटांत सारखेच वाटाणे घातले. दुपारी चाळीस ताटं धुवायला परत आली. त्यांतलं सानाएचं कुठलं, ते तिला ओळखता आलं नाही.