अकोल्यातल्या घराचा खरा भाव

अमरावती ते अकोला दोन-अडीच तासांचा रस्ता आहे, असं लोक म्हणतात. आमच्या बसने मूर्तिजापूरपर्यंतच एक ऋतू खाल्ला. निघताना माझी दाढी गुळगुळीत होती. अकोल्यात उतरलो तेव्हा शेजारचा प्रवासी माझ्या पाया पडायच्या बेतात होता.

एवढा खटाटोप थोरल्या बहिणीसाठी. कुसुमताई निवृत्त मास्तरीण. अकोल्यातलं घर विकून अमरावतीत आमच्याजवळ फ्लॅट घ्यायचा तिचा बेत. पण साहेबराव नावाचा दलाल चाळीस लाखांवर अडून बसला होता. "मागच्या गल्लीतलं घर डिट्टो तुमच्यासारखं. चाळीसलेच गेलं," हे त्याचं पालुपद. चाळिसात अमरावतीत फ्लॅट मिळत नाही, फार तर बाल्कनी मिळते. संध्याकाळी तो इसार (सौद्याची आगाऊ रक्कम) घेऊन येणार होता. त्याआत मागच्या घराचा खरा भाव काढायचा होता. अशा विक्रीची सरकारी नोंद मोबाइलवर कोणालाही पाहता येते म्हणे. मी पाहू गेलो, तर त्या संकेतस्थळाने वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावून मी माणूस आहे की नाही याचीच शंका घेतली.

स्टँडवर आलूबोंडा घेतला. तो कढईमुळे गरम होता की अकोल्याच्या उन्हामुळे, हे शेवटपर्यंत कळलं नाही. या शहरात सावलीसुद्धा सावली शोधत हिंडते.

दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात (जिथे खरेदीखतं नोंदवतात) एवढी गर्दी, की अर्धं वऱ्हाड उरलेल्या अर्ध्याला विकून टाकत असावं. खिडकीतल्या बाबूने मान वर केली नाही.

"सर्व्हर बंद हाये."

"कधी सुरू होईल?"

"त्यालेच इचारा. मले सांगून थोडी बंद पडते!"

मागून एक पागोटेवाला म्हणाला, "बसा भौ. मी आलो तवा नवरदेव होतो, आता नातू झाला."

अखेर सर्व्हरला दया आली. शोधशुल्क भरून सूची क्रमांक दोन (खरेदीखताचा सरकारी सारांश) हाती पडली. मोबदला: चाळीस लाख. साहेबरावासारखा माणूस खरं बोलला, याचा मला जो धक्का बसला, तो उन्हानेही बसला नव्हता.

ताईकडे पातोडीचा रस्सा (बेसनाच्या वड्यांची झणझणीत आमटी) तयार होता. मी कागद पुढे टाकला. "दे सही, ताई. सरकारही त्याच्याच बाजूनं."

ताईने हातातला घास खाली ठेवला. कागद पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. चौथ्या कलमाशी थांबली.

"काय रे, तू आकडा पाहून परत आला?"

"मग काय पाहायचं होतं?"

"वाच. 'घराचा पूर्वेकडील अर्धा भाग.' दोघा भावांचं घर ते. एकानं आपला हिस्सा विकला. चाळीस अर्ध्याचे हायेत, आख्ख्याचे ऐंशी!"

तेवढ्यात साहेबराव आले, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, अत्तराची फवारणी केल्यासारखे. इसाराचं पाकीट टेबलावर ठेवून खुर्चीत ऐसपैस बसले. "मंग मॅडम, चाळीसले पक्कं?"

"पक्कं," ताई म्हणाली. "मागच्या गल्लीच्याच भावात. अर्धं घर देतो. कोणतं अर्धं पायजे, स्वयंपाकघराकडलं का संडासाकडलं?"

साहेबरावांनी ताईच्या हातातला कागद पाहिला. मग छत पाहिलं. मग मला पाहिलं, जणू मीच सरकार.

"तसं... मले त्या हिश्श्याचं काही मालूम नव्हतं."

"मालूम करून या," ताईने पाकीट त्यांच्या मांडीवर ठेवलं. चहा न पिता ते एवढ्या चपळाईने गेले, की अत्तर मागेच राहिलं.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी विचार करत होतो. सरकारने घरांचे भाव सगळ्यांसाठी खुले ठेवलेत. साहेबरावासारखी माणसं त्यातला आकडा तेवढा तोडून घेतात, आणि माझ्यासारखी शहाणी त्या आकड्यासाठी शंभर किलोमीटर उन्हात भाजून घेतात. पुढची ओळ वाचायचे कष्ट दोघांनाही नकोत; एकाला परवडत नाही, दुसऱ्याला सुचत नाही.

बडनेऱ्याच्या अलीकडे ताईचा फोन आला.

"साहेबरावाचा फोन होता. सत्तर म्हणून राहिले."

"मग तू काय म्हटलं?"

"म्हटलं, चालते. गच्ची माझी राहीन."