वलांड्यांची जागा

"यांना काही दिवस तुमच्याकडे न्या," वहिनी फोनवर म्हणाली. "इथे राहिले तर कुणाचा तरी जीव घेतील."

म्हणून दादाला मी लखनौला आणलं, मानक नगरच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. त्याच्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती. तो डोळा गेलाच, असं मुंबईच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

डोळा गेला तेव्हा मी गावीच होते. थंडीच्या सुट्टीत मुलीला घेऊन माहेरी गेले होते. आमचं गाव कोळ्यांचं. आता किनाऱ्यावर रिसॉर्ट, रंगीत छत्र्या, रबरी बोटी. आमच्या घरासमोर मात्र दादाच्या वलांड्या अजून उभ्या होत्या. बांबूंच्या त्या मांडवांवर बोंबील टांगून वाळवतात. पाहुण्यांना वास येतो, त्या काढा, असा शेजारच्या रिसॉर्टचा तगादा होता. दादा ऐकत नव्हता.

त्या सकाळी ट्रॅक्टर आला. सोबत काही माणसं, आणि पुढे रिसॉर्टचा मॅनेजर. तो आमच्याच आळीतला. त्याचा बाप आमच्या बाबांच्या होडीवर होता. बाप वादळात गेल्यावर हा पोरगा आमच्याच घरी जेवून मोठा झाला.

"तू आलास होय?" दादा म्हणाला. "चहा घे आणि जा."

"दादा, बाजूला हो. वरून ऑर्डर आहे."

ट्रॅक्टरने पहिली वलांडी आडवी केली. बोंबील वाळूत पसरले, चाकं त्यांच्यावरून गेली. दादाने ड्रायव्हरला कॉलर धरून खाली खेचलं आणि त्याचं तोंड चाकावर आपटलं. दोघांनी दादाला मागून धरलं. मॅनेजरने मोडका बांबू उचलला. मला वाटलं, नुसती भीती घालतोय. त्याने तो सरळ दादाच्या तोंडावर हाणला. दादा ओरडलासुद्धा नाही. गुडघ्यांवर बसला, आणि तोंडावर धरलेल्या बोटांमधून रक्त गळू लागलं.

वहिनी मासे कापायची कोयती घेऊन धावत आली. तिने मॅनेजरच्या दंडावर घाव घातला, मांस उघडं पडलं. दुसरा मानेवरच बसला असता. मी तिच्या कमरेला मिठी मारली आणि दोघी वाळूत कोसळलो. रिसॉर्टच्या गॅलरीतून पाहुणे मोबाईलवर शूटिंग करत होते. माझी मुलगी किंचाळत होती, "मम्मी, मामा मर जाएँगे!"

लखनौत दादा फारसा बोलत नसे. मुलगी विचारायची, "मामा, चाय पिओगे?" तो मान हलवायचा, तेवढंच.

एका रविवारी विकास नगरहून नवऱ्याचे एक सहकारी बायकोसह आले. भाभीजींना काहीच माहीत नव्हतं. "आपके गाँव होकर आए हैं हम! क्या बीच है!" म्हणत त्यांनी कौतुकाने दादापुढे मोबाईल धरला. वलांड्यांच्या जागी पांढऱ्या खुर्च्या मांडलेल्या. भाभीजींच्या हातात शहाळं देत मॅनेजर हसत उभा होता.

दादाने मोबाईल हातात घेतला, नीट पाहिला आणि भिंतीवर फेकला. मग टीपॉय उलटवलं. कपबश्या फुटल्या, काच त्याच्या तळव्यात घुसली, तरी तो त्याच हाताने भिंतीवर गुद्दे मारत राहिला. नवरा आवरायला गेला तर दादाचं कोपर लागून त्याचा ओठ फाटला.

"बास, दादा!" मी ओरडले.

तो भिंतीला टेकून खाली बसला. "परक्याने मारलं असतं तर मी सोसलं असतं गं," तो म्हणाला. "ह्याला मी माझ्या हाताने पेज भरवलीय." पट्टीखालून पाणी वाहत होतं. भाभीजी दाराशी सरकल्या होत्या. "मैंने क्या कर दिया?" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

हाताची जखम भरल्यावर दादा गावी परतला. वहिनीवर कोयतीची केस होती, ती तुरुंगात जाईल या भीतीने त्याने तडजोड केली. बांबू पडून डोळ्याला लागला, असा जबाब त्याने दिला. दंडाला पत्रा लागला, असं मॅनेजरने सांगितलं. पोलीस ठाण्याबाहेर मॅनेजर पाया पडायला वाकला, तेव्हा दादाने पाय मागे घेतले आणि चालू लागला. हे वहिनीने मला सांगितलं.

वलांड्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. आता दादा बोंबील ओलेच विकतो. यंदा सुट्टीत गावी जाऊया म्हटलं, तर मुलगी पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "आप जाओ, मम्मी."