ग्रस्तास्त

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच दिवशी सूर्यग्रहण आलं आणि आमच्या पलूसच्या घरात पाडवा एक दिवस पुढं गेला. वहिनीला आठवा महिना होता. दुपारीच आईनं तिला मधल्या खोलीत बसवलं, खिडकीवर जाड चादर ठोकली, सुरी, कात्री, सुया उचलून नेल्या. काही चिरायचं नाही, खायचं नाही, पाण्याचा घोटही नाही. सोबतीला मला ठेवलं. मी घरात फारसं बोलत नाही, त्यामुळे मी विरोध करणार नाही हे सगळे धरूनच चालले होते.

"वन्सं, तुमी इंग्रजी शाळंत शिकलासा," वहिनी म्हणाली. "वर नेमकं काय चाललंय वो?"

मी मोबाईलचा टॉर्च लावला. हा सूर्य. माझी मूठ म्हणजे चंद्र. भिंत म्हणजे आपण. भिंतीवर मध्ये काळी सावली पडली, कडेला पुसट. "ही अंब्रा, ही पेनंब्रा." मराठी शब्द मला येत नव्हते.

"छाया आन उपच्छाया," ती हसली. "धाव्वीला व्हतं आमाला. आपण आज उपच्छायेत, म्हणून खंडग्रास. छायेत असतो तर खग्रास. एवढं येतंय तरी बसलीया बघा अंधारात!"

मीही हसले. हात जरा खाली आला आणि मुठीची सावली घसरून तिच्या पोटावर पडली. मी झटकन टॉर्च बंद केला. का, ते मला सांगता येणार नाही.

अंधारात तिनं पोटावर हात ठेवला. मग हळूच म्हणाली, "सकाळपास्नं बाळ हाललेलं न्हाई. कुणाला सांगू नगासा. सुटलं की बघू."

मी उठून थेट आईला सांगितलं. माळ ओढणारं तिचं बोट थांबलं.

"सुटल्यावर नेऊ. आत्ता उंबऱ्याभाईर काढायची न्हाई."

"कधी सुटणार?"

उत्तर वडिलांनी दिलं. फौजेतून रिटायर झालेले ते भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर ताठ उभे होते. "ग्रस्तास्त हाय. ग्रासलेला सूर्य तसाच बुडणार, सुटलेला दिसायचा न्हाई. उद्या उगवल्यावर त्याचं तोंड बघायचं, मग आंगूळ, मग अन्नपाणी."

"उद्या?" दादा म्हणाला. गाडीची किल्ली त्याच्या हातात होती, पण तो दारातून हलला नाही.

चार माणसांसमोर बोलायचं झालं की माझं वाक्य आधी इंग्रजीत तयार होतं आणि घशात अडकतं. "तो बुडाल्यावर थोड्या वेळात ग्रहण संपेल," मी म्हणाले. "पृथ्वीआड. आपल्याला दिसणार नाही, एवढंच."

"दिसलंच न्हाई तर सुटलं कसं म्हनायचं?" आई म्हणाली. "पोराचा व्हट फाटला तर तू शिवणार हायस?"

 तेवढ्यात वहिनी स्वतःच बाहेर आली. स्वयंपाकघरात गेली, माठातलं तांब्याभर पाणी सगळ्यांसमोर उभ्यानं प्यायली. "आत्या, मला भ्या वाटतंय," एवढंच आईला म्हणाली आणि अंगणात जाऊन गाडीत बसली.

आई मागोमाग जाऊन तिच्या शेजारी बसली, तेव्हा कुठं दादानं गाडी काढली.

कराडच्या वाटेवर सूर्य समोर होता. उसाच्या शेंड्यांवरच्या धुरकट हवेत तो वरून चावा घेतल्यासारखा दिसत होता. उजेड मात्र रोजचाच होता. म्हशी चरत होत्या, पोरं पंक्चर काढत होती. सगळं रोजच्यासारखं आहे, याचीच मला जास्त भीती वाटली. आई सगळा रस्ता वहिनीच्या पोटावर आपला पदर धरून बसली होती. तिनं एकदाही वर पाहिलं नाही.

डॉक्टरबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग अडखळत, फार सावकाश ठोके आले. "लगेच सिझर करावं लागेल."

"कापायचं?" आई म्हणाली. "आत्ता?"

दादानं सही केली. हॉस्पिटलच्या जिन्यावरून मी सूर्य बुडताना पाहिला. तो अजून अर्धवटच होता, आणि वहिनी आत होती.

भाचा वाचला. तो उशिरा चालायला लागला. डावा पाय अजून ओढतो. पोटातच काही वेळ प्राणवायू कमी पडला असावा, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून कारण म्हणून मला मधल्या खोलीतली दुपार आठवते, आईला ग्रहणातलं ते ऑपरेशन. आम्ही दोघी यावर कधी बोललेलो नाही. तो पडला की दोघी धावतो आणि एकमेकींकडं बघायचं टाळतो.

आता वहिनीला पुन्हा दिवस गेलेत. परवा मी भाजी निवडत बसले होते, तेव्हा आई शेजारी येऊन टेकली. बराच वेळ देठं मोडत राहिली.

"ह्या खेपेला मधी कुठं ग्रहाण येतंय का," ती खाली बघतच म्हणाली, "जरा बघून सांग की."

एक येतंय. मी ते आधीच बघून ठेवलं होतं; काहीही न उघडता तिला महिना सांगितला.